तैनातीपूर्वी जवानांना प्राथमिक अरबी: नव्याने शिकवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाणाऱ्या भारतीय तुकडीला अरबी शिकवण्याचे काम तुमच्याकडे आले असेल, तर तुम्हाला मिळणारा वेळ बहुधा तीन-चार आठवड्यांचा असेल, आणि तोही कवायत, वैद्यकीय तपासण्या व सामानाची बांधाबांध यांतून उरलेला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या भाषासंस्थेत अरबीचा मूलभूत अभ्यासक्रम ६४ आठवड्यांचा आहे. पहिल्या तुकडीच्या वेळी मी तसलाच अभ्यासक्रम चार आठवड्यांत बसवण्याची धडपड केली. लिपी, व्याकरण आणि शुद्ध ग्रांथिक वाक्ये शिकवता शिकवता तीन आठवडे संपले.

शेवटच्या दिवशी सरावासाठी मी एका अरबीभाषक पाहुण्यांना बोलावले. त्यांनी शेतकऱ्याची भूमिका घेतली. गस्तीवरच्या जवानाने स्वच्छ उच्चारांत नमस्कार केला आणि पाहुण्यांनी त्यांच्या नेहमीच्या वेगाने उत्तर दिले. जवानाच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, पण डोळे माझ्याकडे वळले. पुढच्या प्रत्येक वाक्याला तो मान हलवत ‘नऽम, नऽम’, म्हणजे ‘होय, होय’, म्हणत गेला. संवाद संपल्यावर पाहुण्यांनी सर्वांना सांगितले, “मी त्याला विचारले की, माझे ऑलिव्हचे झाड तुमच्याच गाडीने मोडले ना? तो होय म्हणाला.” वर्गात कोणी हसले नाही. खऱ्या गावात हीच कबुली ठरली असती.

तेव्हापासून मी क्रम बदलला आहे. जवानाला काय बोलता येईल याच्या आधी त्याच्या कानावर काय पडेल याचा विचार करतो. पुढील सर्व पायऱ्या त्यातूनच आलेल्या आहेत.

१. आधी तैनातीचे ठिकाण पाहा, मग बोली ठरवा

‘अरबी शिकवा’ हा आदेश अपुरा असतो. तुकडी कोणत्या मोहिमेत आणि कोणत्या भागात जाणार, हे लेखी मिळेपर्यंत एकही शब्द फळ्यावर लिहू नका. दक्षिण लेबनॉनमध्ये आणि सीरियाच्या सीमेवरील गोलान पठारावर शामी बोली, म्हणजे सीरिया-लेबनॉन पट्ट्यातली अरबी, चालते. सुदान आणि दक्षिण सुदान यांच्यामधल्या अबयेई भागात सुदानी अरबी उपयोगी पडते, पण तिथल्या ङोक दिंका लोकांची स्वतःची भाषा दिंका आहे. दक्षिण सुदानची अधिकृत भाषा इंग्रजी असली, तरी बाजारात आणि रस्त्यावर जुबा अरबी (जुबा ही तिथली राजधानी) ऐकू येते. ती इतकी सोपी झालेली आहे की ‘तू कसा आहेस’ आणि ‘तू कशी आहेस’ या दोन्हींसाठी ‘इता केफ’ एवढेच पुरते. लेबनॉनमध्ये मात्र पुरुषाला ‘कीफक’ आणि स्त्रीला ‘कीफिक’ म्हणावे लागते.

येथे जुन्या टिपणांचा मोठा सापळा आहे. लेबनॉनमधली मोहीम १९७८ साली सुरू झाली आणि १९९८ पासून तिथे भारतीय पलटणी जात राहिल्या, त्यामुळे आपल्याकडे हातोहात फिरणारी बरीच टिपणे लेबनॉनी बोलीची आहेत. सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये त्या मोहिमेला अखेरची मुदतवाढ देऊन ती ३१ डिसेंबर २०२६ रोजी संपवण्याचे ठरवले आहे. ती टिपणे गोलानसाठी बऱ्याच अंशी चालतील, जुबा अरबीसाठी चालणार नाहीत. या लेखातील उदाहरणे मी शामी बोलीतून घेतली आहेत, कारण मी तीच अधिक शिकवली आहे. तुमचे ठिकाण वेगळे असेल तर पद्धत घ्या, शब्द बदला.

२. हे आधी जमवून ठेवा

• तैनातीचा भाग, कालावधी आणि तुकडीला नेमून दिलेली कामे सांगणारे पत्र.
• जवानांची यादी: प्रत्येकाची मातृभाषा आणि तिथले काम. नाक्यावरचा पहारेकरी, गाडीचालक, वैद्यकीय पथकातला सहायक आणि रसद पाहणारा हवालदार यांना लागणारे शब्द निरनिराळे असतात.
• मोहिमेची वर्तनविषयक नियमावली. तुमच्या धड्यातले एखादे वाक्य नियमाच्या विरुद्ध जात असेल, तर ते वाक्य वगळा.
• त्या भागातल्या स्त्री, पुरुष, म्हातारे आणि मुले अशा सर्वांच्या बोलण्याच्या ध्वनिफिती. निवेदकाच्या बातम्या चालणार नाहीत, कारण त्या ग्रांथिक भाषेत असतात.
• गावांची नावे असलेला नकाशा आणि त्या नावांचे स्थानिक उच्चार.
• आठवड्यातून निदान दोन वेळा येऊ शकेल असा त्या बोलीचा भाषक.
• खिशात मावणारे, पाण्याने खराब न होणारे कार्ड. ते शेवटच्या आठवड्यात छापा. पहिल्या दिवशी दिले तर जवान कानाऐवजी कार्डावर विसंबतात.

ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली वर्ग चालेल, त्यांच्याकडून संपूर्ण शब्दसूची आधी मंजूर करून घ्या. विशेषतः थांबवण्याचा शब्द साऱ्या तुकडीत एकच असला पाहिजे. एकाने ग्रांथिक ‘क़िफ़’ आणि दुसऱ्याने बोलीतला ‘वक़्क़िफ़’ ओरडणे नाक्यावर धोक्याचे आहे.

३. मराठीने आधीच दिलेले शब्द वापरा, पण तपासून

पहिल्या तासाला जवान दबकलेले असतात. त्यांना मी विचारतो की खबर, हिशेब, तारीख, साबण, खुर्ची, दुकान, सफर, किल्ला, कुलूप यांपैकी कोणते शब्द परके वाटतात. मग अरबीतले ‘ख़बर’, ‘हिसाब’, ‘तारीख़’, ‘साबून’, ‘कुर्सी’, ‘दुक्कान’, ‘सफ़र’, ‘क़लऽआ’ आणि ‘क़ुफ़्ल’ ऐकवतो. दहा मिनिटांत वर्गाची भीती जाते. मनाई हा शब्द माहीत असणाऱ्याला फलकावरचा ‘मम्नूऽ’ एकदाच सांगावा लागतो.

व्याकरणातही मराठी माणसाला फायदा आहे आणि तो शिक्षकाने मुद्दाम दाखवून द्यावा. ‘तू गेलास’ आणि ‘तू गेलीस’ असा भेद आपण रोज करतो, त्यामुळे समोरच्याच्या लिंगानुसार शब्द बदलणे आपल्याला अवघड वाटत नाही. अरबीत वडिलांचा भाऊ ‘अम्म’ आणि आईचा भाऊ ‘ख़ाल’. आपल्याकडे काका आणि मामा. आकड्यांत तर पंचवीस म्हणताना आपण पाच आधी आणि वीस नंतर म्हणतो. अरबही ‘पाच आणि वीस’ असेच म्हणतात.

मात्र ओळखीचा चेहरा पाहून फसू नका. ‘ग़रीब’ म्हणजे अरबीत परका किंवा विचित्र, निर्धन नव्हे. ‘मकान’ म्हणजे जागा. ‘शराब’ म्हणजे कोणतेही पेय; तुतीच्या सरबतालाही शराब म्हणतात, तेव्हा एखाद्या धार्मिक घरात ती देऊ केल्यावर दचकू नये. ‘ख़लास’ हा शब्द आपल्या कानाला जीव घेण्याची धमकी वाटू शकतो, पण तिथे तो ‘पुरे’, ‘झाले’, ‘मिटले’ अशा अर्थाने दिवसातून शंभरदा येतो आणि भांडण विझत असताना हमखास येतो.

सर्वांत महत्त्वाचा शब्द शेवटी सांगतो. शामी बोलीत ‘आत्ता’ला ‘हल्ला’ म्हणतात. शेवटी घशात किंचित अडखळते, पण ते नवख्या कानाला कळत नाही. रस्त्याच्या कडेचा माणूस हात वर करून ‘हल्ला, हल्ला’ ओरडत असेल, तर तो ‘आत्ता, लगेच’ एवढेच म्हणत असतो. मराठी जवानाच्या मनात त्या क्षणी काय येईल, हे वेगळे सांगायला नको. या शब्दाचा सराव मी रोज घेतो. जवळचा ‘हल्ली’ आठवा, असे सांगितले की अर्थ डोक्यात बसतो.

४. तोंडाआधी कान तयार करा

पहिला संपूर्ण आठवडा जवानांना फारसे बोलायला लावू नका. ध्वनिफीत लावा आणि ऐकू आलेल्या शब्दावर हात वर करायला सांगा. ‘ख़तर’ (धोका), ‘लग़म’ आणि त्याचे अनेकवचन ‘अल्ग़ाम’ (सुरुंग), ‘इन्तिबिह’ (सावध), ‘मम्नूऽ’, ‘जरीह’ (जखमी), ‘हकीम’ (डॉक्टर), ‘मय्य’ (पाणी), ‘वलद’ (मूल) हे शब्द गर्दीच्या आवाजातून, इंजिनाच्या घरघरीतून आणि रडणाऱ्या माणसाच्या तोंडून ओळखू आले पाहिजेत. २००६ च्या युद्धानंतर दक्षिण लेबनॉनच्या शेतांमध्ये न फुटलेले लहान बाँब मोठ्या प्रमाणात पडून राहिले होते. वाट चुकलेल्या गस्तीला पहिला इशारा बहुधा एखादा मेंढपाळच देतो, आणि तो हळू, सुटे शब्द बोलत नाही.

अरबीत ‘प’ नाही, म्हणून पोलीस ‘बोलीस’ होतो आणि पासपोर्ट ‘बासबोर’ होतो. हे आधी सांगितले नाही, तर ओळखीचाच शब्द निसटतो.

उच्चारांपैकी चारच गोष्टींवर जोर द्या. अरबी ‘ख़’ हा आपल्या खारकेतला ख नाही, तो घशातून घासत येतो. ‘क’ आणि खोल ‘क़’ यांत गफलत झाली, तर ‘क़ल्ब’ (हृदय) चे ‘कल्ब’ (कुत्रा) होते; मनापासून आभार मानताना ही चूक विशेष जिव्हारी लागते. लेबनॉनमध्ये बरेच लोक क़ गिळून ‘अल्ब’ म्हणतात, मात्र तिथल्या द्रूझ या धार्मिक पंथाच्या लोकांच्या बोलण्यात क़ टिकून आहे. तिसरी गोष्ट द्वित्ताची: ‘हम्माम’ म्हणजे न्हाणीघर आणि ‘हमाम’ म्हणजे कबुतरे. चौथा ‘ऐन’ हा कंठाचा वर्ण. तो नीट जमला नाही तरी चालते, फक्त तिथे काहीतरी आहे हे कळले पाहिजे. देवनागरीत लिहिताना मी घर्षक वर्णांखाली आणि खोल क खाली टिंब देतो आणि ऐनसाठी बहुतेक ठिकाणी अवग्रह (ऽ) वापरतो. हे लेखन आठवणीसाठी आहे, उच्चार शिकण्यासाठी नाही. शब्द कानांनी पक्का होईपर्यंत वह्या बंद ठेवायला लावा.

५. ज्याचे उत्तर कळेल, तोच प्रश्न शिकवा

तयार पुस्तकांत ‘हा रस्ता कुठे जातो?’, ‘काय झाले?’, ‘तुम्ही काल काय पाहिले?’ असे प्रश्न असतात. जवान ते दोन दिवसांत पाठ करतो आणि चांगल्या उच्चारात विचारतो. समोरच्या माणसाला वाटते की याला भाषा येते, म्हणून तो सविस्तर सांगू लागतो. जवानाला त्यातले काही कळत नाही, आणि आता तसे कबूल करणेही त्याला अवघड जाते. माझ्या पहिल्या वर्गातली चूक नेमकी हीच होती.

म्हणून प्रत्येक प्रश्न असा घडवा की त्याचे उत्तर ‘ए’ (हो), ‘ला’ (नाही), एखादा आकडा, एखादे नाव किंवा बोटाने दाखवलेली दिशा यांपैकी एक असेल. ‘हा रस्ता कुठे जातो?’ ऐवजी ‘हाय्दा तरीक़ मर्जऽयून?’, म्हणजे ‘हा मर्जऽयूनचा (दक्षिण लेबनॉनमधले गाव) रस्ता ना?’ असे विचारावे. ‘काय झाले?’ ऐवजी ‘फ़ी जरीह?’, म्हणजे ‘कोणी जखमी आहे का?’ आणि त्यानंतर ‘कम्म वाहद?’, म्हणजे ‘किती जण?’ एवढेच विचारावे. अशी पंधरा-वीस वाक्ये पुरेशी आहेत. मी चाळीसच्या पुढे कधीही जात नाही.

या वाक्यांच्या आधी बचावाची तीन वाक्ये शिकवा आणि ती झोपेतून उठवून विचारली तरी आली पाहिजेत: ‘मा फ़्हिम्त’ (समजले नाही), ‘श्वय श्वय’ (हळूहळू), ‘लह्ज़ा, हल्ला ब्येजी मुतर्जिम’ (एक क्षण, आत्ता दुभाषा येतो). समजले नाही हे सांगण्यात कमीपणा नाही, हे शिक्षकाने नव्हे तर सुभेदारसाहेबांनी वर्गात सांगितले, तर त्याचा परिणाम अधिक होतो. ‘नऽम’ हा शब्द जवानांना बोलण्यासाठी मी देतच नाही. चढ्या सुरातला ‘नऽम?’ म्हणजे ‘काय म्हणालात?’ एवढे मात्र ओळखायला शिकवतो.

स्वतःची ओळख सांगताना ‘अना हिंदी’ म्हणायचे. येथे ‘हिंदी’ म्हणजे भारतीय. कोणी ‘हिंदी?’ असे विचारले, तर तो भाषेविषयी नव्हे तर देशाविषयी विचारत असतो, हे कळल्यावर जवानांची मोठी घोटाळ्याची जागा दूर होते.

६. आकडे

बोलीतले एक ते शंभर आणि वेळ सांगण्याची पद्धत शिकवा. लिहिलेले आकडे ओळखणेही आवश्यक आहे: शून्य म्हणजे नुसता ठिपका, पाच म्हणजे पोकळ गोल, आणि सहा आपल्याला इंग्रजी सातासारखा दिसतो. लिपी उजवीकडून डावीकडे जात असली, तरी आकडे डावीकडूनच वाचायचे.

७. मान आणि हात

आपण संमती देताना मान दोन्ही बाजूंना डोलावतो. अरब माणसाला ती हालचाल नकार किंवा अनिश्चितता वाटते. उलट शामी प्रदेशात भुवया उंचावून, हनुवटी किंचित वर नेऊन जिभेने टक् केले, की तो स्पष्ट नकार असतो. नवखा जवान त्याला होकार समजतो. यासाठी आरशासमोर सराव घ्या. होकारासाठी मान सरळ वर-खाली करायची आणि तोंडाने ‘ए’ म्हणायचेच.

पाचही बोटांची टोके एकत्र जुळवून हात वर-खाली केला, तर त्याचा अर्थ ‘थांब, धीर धर’ असा होतो. आपल्याकडे हीच बोटे जेवणाची खूण करतात. नाक्यावर गाडीतला चालक असे करत असेल, तर तो जेवण मागत नाही आणि शिवीही देत नाही. उजवा हात छातीवर ठेवून किंचित झुकणे हा स्त्री-पुरुष सर्वांना चालणारा आदराचा नमस्कार आहे. स्त्रीने स्वतः हात पुढे केल्याशिवाय जवानाने हस्तांदोलनासाठी हात पुढे करू नये. वस्तू देताना-घेताना उजवा हात वापरावा आणि बसताना बुटाचा तळ कोणाकडे करू नये.

८. गावात वागताना

सगळे अरब मुसलमान असतात, हे गृहीतक पहिल्याच दिवशी पुसून टाका. लेबनॉनमध्ये अधिकृत मान्यता असलेले १८ पंथ आहेत, आणि दक्षिणेत शिया, सुन्नी, ख्रिस्ती व द्रूझ वस्ती एकमेकांलगत आहे. म्हणून अनोळखी माणसाला ‘मर्हबा’ म्हणावे. ते कोणालाही चालते. कोणी ‘अस्सलामु अलैकुम’ म्हटले, तर त्याला योग्य प्रत्युत्तर द्यावे. पंथ, पक्ष किंवा शेजारच्या देशाविषयी कोणताही प्रश्न विचारू नये.

माझ्या अनुभवात सर्वाधिक उपयोगी पडलेला शब्दसमूह ‘यऽतीक एल्-ऽआफ़्ये’ हा आहे. काम करणाऱ्या माणसाला देव तुला बळ देवो, असा त्याचा भाव आहे. स्त्रीला ‘यऽतीकी’ म्हणायचे. शेतात वाकलेल्या माणसाशेजारून गस्त जाताना एवढे म्हटले, तर तो बहुधा मान वर करून ‘अल्ला यऽआफ़ीक’ असे उत्तर देतो. परत आलेल्या जवानांपैकी अनेकांनी मला सांगितले की गावाशी ओळख या एका वाक्याने झाली.

वडीलधाऱ्या पुरुषाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावाने ‘अबू अमुक’ म्हणण्याची रीत आहे. घरच्यांची विचारपूस करताना पत्नीचे नाव घेऊ नये, ‘कीफ़ एल्-अह्ल?’, म्हणजे घरचे कसे आहेत, एवढे पुरे. गावात प्रवेश करताना प्रथम मुख़्तार (गावप्रमुख) किंवा नगरपालिकेच्या प्रमुखांना भेटण्याचा शिरस्ता असतो. कॉफी दिली तर निदान एक घोट घ्यावा आणि रिकामा पेला परत देताना ‘दाय्मे’ (असेच सदैव असो) म्हणावे. बदवी (वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या) पद्धतीच्या कडू कॉफीत पेला हलकेच हलवला नाही, तर पुन्हा भरला जातो.

सणांच्या बाबतीत एक चूक आवर्जून टाळावी. रमझानच्या शुभेच्छा ‘रमदान करीम’ म्हणून देता येतात, पण आशूरा हा शिया समाजाच्या शोकाचा दिवस आहे; त्या दिवशी शुभेच्छा देणे म्हणजे दुःखात असलेल्या घरी जाऊन अभिनंदन करणे होय. रमझानात दिवसा उघड्यावर खाणे-पिणे टाळण्याची सूचना मुस्लिम वस्तीतून जाणाऱ्या प्रत्येक चालकाला द्या.

तुकडीत महिला जवान असतील, तर त्यांच्यासाठी वेगळे तास ठेवा. जानेवारी २०२३ मध्ये अबयेईला भारताची महिला प्लाटून, म्हणजे छोटी तुकडी, रवाना झाली. गावातल्या स्त्रियांशी आणि मुलांशी प्रत्यक्ष बोलणे बहुधा त्यांच्याच वाट्याला येते, म्हणून आरोग्य, पाणी, शाळा आणि लहान मुले यांविषयीचे शब्द त्यांना अधिक लागतात, आणि स्त्रीलिंगी रूपे आधी शिकवावी लागतात.

९. दुभाष्याबरोबर काम

गंभीर बोलणे दुभाष्यामार्फतच व्हावे. बोलताना पाहायचे गावकऱ्याकडे, दुभाष्याकडे नाही. वाक्य छोटे ठेवायचे, एकावेळी एकच मुद्दा सांगायचा, आणि म्हणी वापरायच्या नाहीत. ‘इन्शाल्ला’ असे उत्तर आले, तर ते पक्के आश्वासन आहे की सौम्य नकार, हे दुभाष्याला नंतर एकांतात विचारावे. समोरच्याला सर्वांसमक्ष पेचात पकडू नये.

१०. शेवटची परीक्षा

लेखी परीक्षा घेऊ नका. मैदानावर नाका उभारा, अरबीभाषक पाहुण्यांना गाडीत बसवा आणि जवानांना पाच प्रसंग द्या: वाट चुकलेला चालक, शेळ्या शोधत सीमेकडे निघालेला मेंढपाळ, जखमी मुलाला घेऊन आलेली आई, नुकसानभरपाई मागणारा शेतकरी आणि कॉफीचा आग्रह करणारे वृद्ध गृहस्थ. गुण देताना व्याकरण मोजू नका. जवानाने योग्य अभिवादन केले का, न समजल्यास तसे सांगितले का, दुभाष्याला वेळेवर बोलावले का, आणि हात-मान सांभाळली का, एवढेच टिपा. शेतकऱ्याच्या प्रसंगात ऑलिव्हच्या झाडाचा प्रश्न मी अजूनही ठेवतो. ‘मा फ़्हिम्त, लह्ज़ा’ हे उत्तर ऐकू आले, की त्या जवानाला कार्ड देतो.

तुकडी रवाना झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांच्याकडून दोन गोष्टी मागवून घ्या: ऐकू आलेले पण न कळलेले शब्द, आणि शिकवलेले पण एकदाही न लागलेले शब्द. पुढच्या वर्गाची शब्दसूची या दोन याद्यांवरूनच बनवा.